केले की करविले?

गेल्या चैत्रात आमच्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, निधनास एक वर्ष पूर्ण झाले. त्या निमित्ताने कुटुंबातर्फे एक छोटी स्मरणिका काढावी, असे घरात ठरले. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची अडत चालविणाऱ्या माणसाची स्मरणिका ती केवढी असणार? बत्तीस पाने, जुनी छायाचित्रे, नातलगांच्या आठवणी आणि आरंभी दादांच्या जीवनाचा परिचय करून देणारा एक लेख. तो लेख मी लिहावा, असे सर्वांचे मत पडले. घरात चार ओळी लिहिण्याची सवय असलेला मीच. मी आठ दिवस कागद पुढे घेऊन बसलो. परंतु एकही परिच्छेद मनासारखा उतरेना. ज्या माणसाच्या सावलीत आपण वाढलो, त्याच्याविषयी कोठून सुरुवात करावी हेच कळत नव्हते.

पुतण्याने माझी अडचण ओळखली. "काका, मी एक मसुदा करवून घेतो. तुम्ही फक्त नजर टाका," असे म्हणून त्याने मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनाला दादांचे वय, गाव, व्यवसाय आणि 'धार्मिक, मनमिळाऊ, कष्टाळू' अशी तीन विशेषणे सांगितली. वहिनींनी चहा गाळेपर्यंत सहाशे शब्दांचा लेख तयार होता. भाषा ओघवती, परिच्छेद बांधेसूद, शेवटी डोळे पाणावतील असा समारोप. 'दादा हे केवळ व्यापारी नव्हते, तर एक चालतीबोलती संस्था होते' असे एक वाक्य होते. 'त्यांनी तीन वेळा सम्मेद शिखरजीची यात्रा केली आणि प्रत्येक यात्रेनंतर त्यांची श्रद्धा अधिकच दृढ झाली' असे दुसरे. मी तो लेख वाचला आणि म्हणालो, "छान झाला आहे. छापायला हरकत नाही."

वहिनींनी तो पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. शिखरजीच्या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला.

"शिखरजीला कधी गेले? ते गेलेच नाहीत, भाऊजी. ऐंशी साली जायचं ठरलं होतं."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. कारण पुढचे मला ठाऊक होते. १९८० च्या जूनमध्ये मी बी.कॉम. झालो. एम.कॉम. करण्याची माझी इच्छा होती; पण कोल्हापूरला राहण्याचा खर्च पेलण्याजोगा नव्हता. दादांनी शिखरजीसाठी दोन वर्षे बाजूला टाकलेली रक्कम माझ्या हातावर ठेवली आणि "डोंगर कुठं पळून जात नाही," एवढेच म्हणाले. पुढे दुकानाचा व्याप वाढला, मुलांची शिक्षणे आली, नंतर गुडघे गेले. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी दादांनी छायाचित्रातच पाहिली.

वाचकहो, त्या यंत्राच्या चुकीपेक्षा माझी चूक मोठी होती. यंत्राला दादा ठाऊक नव्हते, मला होते. बँकेत तीन दशकांहून अधिक काळ मी व्हाउचर तपासून पास करण्याचे काम केले. आधाराविना एकही नोंद पुढे जाऊ दिली नाही. तोच मी, भाषेच्या गोडव्यात वाहून गेलो आणि एक खोटी नोंद पास करून बसलो. आणखी खरे सांगायचे, तर त्या वाक्याने मला सुखही वाटले असावे. दादा तीन वेळा शिखरजीला जाऊन आले असतील, तर माझ्या नावावर कोणतेही देणे राहत नाही! तेव्हापासून या विषयावर मी जे वाचले आणि करून पाहिले, ते आपल्या व्यापारी कुटुंबांतील वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

यंत्र शिखरजीला कसे पोहोचले?

हे साधन आपल्यासारखे आठवून लिहिते, असा आपला समज होतो. वास्तविक त्याला आधी ग्रंथ, वृत्तपत्रे, संकेतस्थळे यांतील अफाट मजकूर पुरविलेला असतो. कोणत्या शब्दांच्या मागे कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे गणित ते त्या मजकुरातून आत्मसात करते आणि त्या गणिताच्या आधारे एकामागून एक शब्द मांडत जाते. आज प्रचलित असलेल्या या रचनेचा पाया २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी मांडला. तिला 'ट्रान्सफॉर्मर' असे नाव आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकी संस्थेने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले आणि हे सामर्थ्य घरोघरच्या मोबाईलवर आले.

आता दादांच्या लेखाचा उलगडा होतो. जैन व्यापाऱ्याच्या श्रद्धांजलीत धर्मनिष्ठा येते, धर्मनिष्ठेच्या मागे तीर्थयात्रा येते आणि तीर्थयात्रेच्या मागे शिखरजी येते. यंत्राने जे बहुधा असते ते लिहिले. ते खोटे बोलले असे म्हणणेही योग्य नाही. खोटे बोलण्यासाठी खरे काय ते आधी ठाऊक असावे लागते. शाखेतील सर्व खात्यांची सरासरी शिल्लक काढली, तर तो आकडा गणिताने अचूक असतो. परंतु तो कोणत्याही एका खातेदाराच्या पासबुकात लिहिता येत नाही. यंत्राने दादांच्या पासबुकात अशी सरासरी लिहून ठेवली होती.

मराठीत हा धोका थोडा अधिक आहे. इंग्रजीच्या मानाने महाजालावरील मराठी मजकूर फार थोडा, आणि त्यात आपल्या समाजाविषयीचा त्याहून थोडा. त्यामुळे यंत्राच्या मराठीला अनेकदा भाषांतराचा वास येतो आणि जैन परंपरांची सरमिसळ होण्याचा संभव राहतो. महावीर जयंतीला पाठशाळेतील मुलांसाठी नाटिका लिहून मागितली, तर त्रिशलामातेची स्वप्ने सोळा की चौदा, महावीर अविवाहित की यशोदेशी विवाहित, याबाबत दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांतील भेद एकाच संहितेत मिसळू शकतात. ज्याला परंपरा ठाऊक आहे, त्याच्या ध्यानात हे तत्काळ येईल. मुलांच्या मात्र तेच पाठ होईल.

साहित्यविश्वाने काय केले?

ही अडचण केवळ घरगुती स्मरणिकांची नाही. अमेरिकेतील 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या मासिकाकडे यंत्राने लिहिलेल्या कथांचा एवढा पूर आला, की फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या संपादकांना नव्या कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले. त्याच वर्षी २ मे ते २७ सप्टेंबर असे १४८ दिवस अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेने संप केला. मानधनाबरोबरच यंत्रलेखन हाही त्यातील एक कळीचा मुद्दा होता. अखेर झालेल्या करारानुसार यंत्राला लेखक म्हणता येत नाही, लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करता येत नाही आणि लेखकाच्या हाती दिलेला मजकूर यंत्राचा असेल, तर तसे त्याला सांगावे लागते.

याउलट जपानच्या रिए कुदान या लेखिकेला जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा हा प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या कादंबरीतील सुमारे पाच टक्के मजकूर यंत्राने दिलेला आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले. त्या कादंबरीत लोक कृत्रिम बुद्धिमत्तेशी बोलतात आणि यंत्राची उत्तरे मुख्यतः तेथेच वापरली होती, असा खुलासाही त्यांनी नंतर केला. पुरस्कार कायम राहिला. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की त्यांनी यंत्र वापरले आणि वापरल्याचे सांगितले.

आपल्या देशाचा कायदाही पाहण्यासारखा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सुधारणा झाली आणि संगणकनिर्मित कृतीच्या बाबतीत 'लेखक' कोण, याची व्याख्या त्यात आली. जी व्यक्ती ती कृती निर्माण करवून घेते, ती लेखक. आजची यंत्रे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. त्यामुळे या व्याख्येचा खरा कस अजून लागायचा आहे. तरीही तिचे क्रियापद ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कायदा 'करणारा' म्हणत नाही, 'करविणारा' म्हणतो.

कृत, कारित, अनुमोदित

हे क्रियापद आपल्याला परके नाही. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वरांच्या चरणांजवळ कोरलेल्या मराठी अक्षरांची गणना मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांत होते. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असतील. मूर्ती दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि सभोवारचे आवार बाराव्या शतकातील. एक चामुंडरायांचे कार्य, दुसरे गंगराजांचे. दोघांच्याही नावापुढे शिलालेखात एकच क्रियापद आहे: 'करवियलें'. केले नव्हे, करविले. छिन्नी धरणारे हात वेगळे होते, हे त्या शब्दातच मान्य केलेले आहे. एवढ्या भव्य कार्यावर आपले नाव कोरतानाही क्रियापद मात्र खरे वापरलेले आहे.

आपल्या कर्मविचाराने हा भेद फार सूक्ष्मपणे पाहिला आहे. एखादी गोष्ट स्वतः करणे हे कृत, दुसऱ्याकडून करविणे हे कारित आणि दुसऱ्याने केलेल्यास संमती देणे हे अनुमोदित. मन, वचन, काया यांच्याशी, कषायांशी आणि कृतीच्या तीन पायऱ्यांशी यांचा गुणाकार होऊन १०८ भेद होतात आणि जपमाळेच्या १०८ मण्यांचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो, हे आपण प्रवचनांत ऐकलेले आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की 'मी कोठे लिहिले? यंत्राने लिहिले,' ही पळवाट आपल्याकडे उपलब्धच नाही. यंत्राला सांगितले तेव्हा ते कारित झाले. वाचून मान डोलावली तेव्हा अनुमोदित झाले. दादांच्या तीन शिखरजी यात्रांचा दोष पुतण्याकडे कारित म्हणून आणि माझ्याकडे अनुमोदित म्हणून जमा होता. यंत्राच्या खात्यावर काहीही नावे पडत नव्हते.

आचार्य उमास्वामी अर्थात उमास्वाती यांनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्य-अणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अचौर्य-अणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान' आहे, म्हणजे चोरून आणलेला माल घेणे. आणि 'प्रतिरूपकव्यवहार' आहे, म्हणजे असलीच्या जागी नकली माल खपविणे. हे अतिचार व्यापाऱ्यांना उद्देशूनच सांगितले असावेत, असे वाटण्याइतके ते बाजाराच्या जवळचे आहेत. हळदीत भेसळ करणाऱ्याला दादा दुकानाच्या पायरीवर उभे करीत नसत. मग शब्दांतील भेसळ आपण घरात कशी घ्यावी?

'तदाहृतादान' तर या उद्योगाच्या मुळाशीच येऊन भिडते. यंत्राला पुरविलेले ग्रंथ कोठून आले, यावर अमेरिकेत अनेक लेखकांनी दावे लावले. त्यांपैकी अँथ्रॉपिक या कंपनीविरुद्धच्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने भेद केला. रीतसर विकत घेतलेल्या ग्रंथांवर यंत्राला शिकविणे त्याने ग्राह्य मानले. परंतु चोरट्या संग्रहांतून ग्रंथ उतरवून घेऊन साठविणे ग्राह्य मानले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या दाव्यात दीड अब्ज डॉलरच्या तडजोडीस प्राथमिक मान्यता मिळाली. सुमारे पाच लाख ग्रंथ आणि प्रत्येकी सुमारे तीन हजार डॉलर, असा तो हिशेब होता. मालाचे मूळ विचारण्याची आपली परंपरा जुनी आहे. साधन वापरतानाही हा प्रश्न आपण मनात जागा ठेवला पाहिजे. विशेषतः 'अमुक कवीच्या शैलीत स्तवन लिहून दे' असे यंत्राला सांगताना तर तो प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा.

नोंद करणारा आणि तपासणारा

मग हे साधन वर्ज्य करावे काय? मला तसे वाटत नाही. बँकेत एक साधा नियम असतो. व्यवहाराची नोंद करणारा एक आणि ती तपासून पास करणारा दुसरा. संगणक आल्यावर या दोघांना 'मेकर' आणि 'चेकर' म्हणू लागले. पण नियम जुनाच आहे आणि आपल्या पेढ्यांवरही कीर्द लिहिणारा मुनीम आणि ती पाहणारे शेठजी अशी विभागणी होतीच. आम्ही पहिल्या वेळी यंत्राला मेकर केले आणि मी चेकर झालो. तेथेच घोटाळा झाला. कारण समोर तयार, देखणा मजकूर आला, की तपासणाऱ्याची नजर मंदावते.

दुसऱ्या वेळी आम्ही भूमिका बदलल्या. पुतण्याने यंत्राला सांगितले, "तू एक अक्षरही लिहू नकोस. हळदीच्या अडत व्यापाऱ्याचे चरित्र लिहिण्यासाठी त्यांच्या पत्नीला कोणते प्रश्न विचारावेत, तेवढे सांग." त्याने पंचवीस प्रश्न दिले. निम्मे सामान्य होते. काही मात्र मला आठ दिवसांत सुचले नव्हते. दुकान उघडल्यावर ते पहिले काम कोणते करीत? कोणता माल घेण्यास त्यांनी नकार दिला? कोणती इच्छा अपुरी राहिली?

वहिनी दोन दुपारी बोलत राहिल्या. पुतण्याने फोनवर ते ध्वनिमुद्रित केले आणि यंत्राकडून अक्षरांत उतरवून घेतले. दादा हळकुंड मोडून आतला रंग पाहत आणि मगच भावाचे बोलत. हरिपूरच्या पेवांत हळद ठेवण्याचे दिवस त्यांनी पाहिले होते. पेव उघडले, की आतली कोंदलेली हवा जाईपर्यंत कोणालाही खाली उतरू देत नसत. हमालांवर त्यासाठी ओरडत. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून हळद गेली, तेव्हा शेतकऱ्यांचे पैसे आधी द्यायचे म्हणून त्यांनी दुकानामागची जागा विकली. यातले काहीही 'धार्मिक, मनमिळाऊ, कष्टाळू' या तीन शब्दांत नव्हते.

त्यावरून लेख मी लिहिला. मग तो यंत्राला तपासायला दिला आणि तेथे त्याने खरी मदत केली. दुकान १९७२ च्या दुष्काळानंतर सुरू झाले, असे मी एके ठिकाणी लिहिले होते. तर १९७१ मध्ये लग्न होऊन आलेल्या वहिनी पहिल्या दिवशी दुकानावरूनच घरात आल्या, असे दुसऱ्या ठिकाणी. ही विसंगती यंत्राने दाखवून दिली. जुने कागद काढले, तेव्हा वहिनींचे खरे निघाले. माझी आठवण चुकली होती. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही त्याने काढल्या. बँकेतील ऑडिटर असेच काम करतो. तो शंका काढतो. शंकेचे उत्तर कागदपत्रांवरून शाखेलाच द्यावे लागते.

एक मोह मात्र तेथेही झाला. वहिनींचे एक वाक्य मी जसेच्या तसे घेतले होते: "हात कितीही धुतले तरी ताटाच्या कडेला पिवळं बोट उमटायचंच." यंत्राने ते सुधारून 'त्यांच्या हातांवर श्रमाचा सुवर्णरंग कायम झळकत असे' असे करून दिले. घरातील एकदोघांना ते अधिक साहित्यिक वाटले. मी वहिनींचे वाक्य परत ठेवले. ताट आमच्या घरातले आहे. सुवर्णरंग कोणाच्याही घरातला असू शकतो.

या अनुभवातून काही पथ्ये सुचतात. आपल्या माणसाची माहिती आधी कागदावर आणावी आणि मगच यंत्राकडे वळावे. त्याच्याकडून उत्तरांऐवजी प्रश्न मागावेत. त्याने दिलेले प्रत्येक नाव, साल, स्थळ आणि शास्त्रातील संदर्भ मूळ कागदाशी किंवा ग्रंथाशी ताडून पाहावा. दुकानाचे हिशेब, पॅन क्रमांक, कुटुंबातील वाद असे खाजगी काही त्यात भरू नये. परक्याच्या हाती आपण चोपडी देत नाही, तसेच हे. नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, पण लिहिताना अडखळतात. त्यांच्यासाठी हे साधन आजीआजोबांपर्यंत जाण्याचा पूल होऊ शकेल. त्यासाठी नातवाने आधी आजीसमोर बसले मात्र पाहिजे.

आग्र्यातील कचोऱ्या

व्यापाऱ्याला लिहिता येत नाही, ते पंडितांचे काम, असे आपल्यात अनेकजण मानतात. त्यांना मी बनारसीदासांची आठवण देतो. जौनपूर आणि आग्रा येथे व्यापार करणारे हे जैन गृहस्थ १५८६ मध्ये जन्मले. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपली जीवनकथा पद्यात लिहिली. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून, त्याचा अर्धा भाग सांगितला म्हणून ग्रंथाचे नाव 'अर्धकथानक'. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांत त्याला मानाचे स्थान आहे.

त्यात काय आहे? व्यापारात आलेली खोट आहे. आग्र्यात हाती पैसा नसताना कचोरीवाल्याकडे महिनोन्‌महिने उधारीवर खाल्लेल्या कचोऱ्या आहेत. नऊ अपत्ये झाली आणि एकही राहिले नाही, ही व्यथा आहे. स्वतःच्या गुणांबरोबर दोषांचीही यादी आहे. तरुणपणी रचलेले शृंगारकाव्य त्यांनी गोमतीत सोडून दिले, हेही आहे. आज एखाद्या यंत्राला 'सतराव्या शतकातील जैन व्यापाऱ्याचे चरित्र लिही' असे सांगितले, तर ते कष्ट, दान आणि धर्मनिष्ठा यांनी पाने भरील. उधारीच्या कचोऱ्या आपल्याला ठाऊक आहेत त्या एवढ्याचसाठी, की ज्याने त्या खाल्ल्या त्याने त्या लाज न बाळगता लिहून ठेवल्या. यंत्राला जी माहिती पुरविली जाते, तीही मुळात अशाच कोणीतरी लिहून ठेवलेली असते. आपण आपले लिहिले नाही, तर पुढच्या पिढीच्या यंत्राला आपल्याविषयी सांगण्यासारखे काही उरणार नाही. ते पुन्हा सरासरीच सांगेल.

एक जागा मात्र अशी आहे, की तेथे या साधनाला मी उंबऱ्याबाहेरच ठेवीन. पर्युषणाच्या अखेरीस 'मिच्छामि दुक्कडम्' किंवा 'उत्तम क्षमा' म्हणून आपण जे संदेश पाठवितो, ते अलीकडे अतिशय सुंदर होऊ लागले आहेत. एकाच मसुद्याचे सौंदर्य दोनशे जणांना जाते. शुभेच्छापत्र म्हणून त्याला माझी हरकत नाही. पण ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे, त्या एका भावाला, भागीदाराला किंवा व्याह्यांना लिहायचे असेल, तर आपल्या हाताने लिहावे. 'त्या दिवशी तुमच्या माणसांसमोर मी आवाज चढविला, ती माझी चूक झाली' हे वाक्य ओबडधोबड असले तरी चालेल. क्षमा मागणे हे कारित होऊ शकत नाही.

आमची स्मरणिका यथावकाश निघाली. दादांच्या परिचयातील शिखरजीचा परिच्छेद आता असा आहे: 'सम्मेद शिखरजीची यात्रा करण्याची दादांची इच्छा अपुरी राहिली. १९८० मध्ये त्यासाठी साठविलेले पैसे त्यांनी धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी दिले.' लिहायला सर्वाधिक वेळ याच दोन वाक्यांना लागला. वाचताना वहिनींनी या वेळी हात वर केला नाही. फक्त चष्मा काढून पुसला आणि पुढचे पान उलटले.

शेवटच्या पानावर मुद्रक आणि छायाचित्रकार यांच्या नावांखाली आम्ही आणखी एक ओळ घातली: 'लेखन कुटुंबीयांनी केले, प्रश्नावली व तपासणी संगणकाकडून करविली.' पुतण्याला ती ओळ अनावश्यक वाटत होती. मी म्हणालो, "राहू दे. कोणी काय केले, हे कीर्दीत लिहिलेले बरे."